वाणी : एक साधना

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



वक्तृत्वाच्या महत्त्वाविषयी बोलण्यासाठी आपण आज एका आडत्याला उभे केले आहे. माझा अधिकार एवढाच की, न बोलण्याची किंमत मी जाणतो. आणि ती किंमत मी नव्हे, दुसऱ्याच एका माणसाने मोजली.

मी तेव्हा पंचविशीत होतो. बाजारातील एका हमालावर दोन पोती चोरल्याचा आळ आला आणि निवाड्यासाठी व्यापाऱ्यांची बैठक बसली. त्या गाडीतील माल उतरताना मोजणी मी केली होती. पोती मुळातच दोन कमी आली होती. उठून एवढेच सांगायचे होते. परंतु समोरची चाळीस-पन्नास वडीलधारी मंडळी पाहून घसा कोरडा पडला. मी बसून राहिलो. त्या माणसाला काम न देण्याचा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी मी प्रमुखांच्या घरी जाऊन सत्य सांगितले, ठरावही मागे घेतला गेला. पण तोवर तो मुलाबाळांसह गाव सोडून गेला होता. मी खोटे बोललो नव्हतो, तरीही असत्याला माझी साथ मिळाली होती.

ही भीती थोरामोठ्यांनाही सुटलेली नाही. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले मोहनदास गांधी मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिला खटला चालविण्यास उभे राहिले आणि त्यांना एकही प्रश्न सुचेना. घेतलेले तीस रुपये परत करून ते निघून आले. त्या दिवसांत मुंबईत त्यांच्यासोबत कायद्याचा अभ्यास करणारे व आहाराचे प्रयोग करणारे एक मित्र होते, ते म्हणजे आपले वीरचंद राघवजी गांधी.

पुढे 1893 साली या दोन्ही मित्रांना आपापले व्यासपीठ मिळाले. शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेचे निमंत्रण आत्मारामजी महाराजांना आले होते. परंतु साध्वाचारामुळे त्यांना समुद्रप्रवास शक्य नव्हता. म्हणून 29 वर्षांचे वीरचंदभाई त्यांचे प्रतिनिधी म्हणून गेले. जाण्यापूर्वी त्यांनी महाराजांच्या सान्निध्यात कसून अध्ययन केले होते. परदेशी श्रोत्यांना जैन दर्शन त्यांनी अशा रीतीने समजावून दिले की, परिषद संपल्यावरही अमेरिकेत ठिकठिकाणी त्यांची व्याख्याने होत राहिली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरियात, न्यायालयात मूक झालेल्या मोहनदासांनी आयुष्यातील पहिले जाहीर भाषण केले. श्रोते बहुतांशी व्यापारी होते आणि विषय होता व्यापारातील सचोटी!

या दोन प्रसंगांतून मला एकच धडा मिळाला. दोघांनीही आधी विषयाची तयारी केली होती आणि दोघांनाही सांगण्यासारखे काही होते. भीती जाण्याची वाट पाहिली तर ती कधीच जात नाही. तयारी असली की ती असूनही माणूस बोलतो.

मी चाळिशीत बोलायला शिकलो. प्रथम दुकान बंद झाल्यावर दिवाणजींसमोर, मग पर्युषणातील संध्याकाळच्या कार्यक्रमात पाच मिनिटे. पहिल्यांदा हातातील कागद थरथरत होता. पुढे कागदावर चारच मुद्दे लिहू लागलो. व्यवसायात त्याचा लाभ झालाच. बँकेत कर्जाचे कारण नेमके सांगता आले, विक्रीकराच्या सुनावणीत दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागले नाही, बिघडलेला सौदा शब्द न वाढविता सावरता आला. पण मोठा लाभ घरात झाला. भाषणासाठी शब्द निवडताना रागाच्या वेळीही शब्द निवडण्याची सवय लागली, आणि दुसऱ्याचे पुरते ऐकल्याशिवाय उत्तर देता येत नाही हे कळले.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. पाच समित्यांत भाषासमिती आहे, तीन गुप्तींत वचनगुप्ती आहे. बोलावे तर हितकर, मोजके व निर्दोष. अन्यथा मौन पाळावे. स्याद्वाद तर प्रत्येक विधान कोणत्या अपेक्षेने केले, हे सांगण्याची शिस्तच लावतो. मात्र एक भेद मी अनुभवाने शिकलो. संयमातून आलेले मौन हे व्रत आहे. भीतीतून आलेले मौन ही दुर्बलता आहे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

म्हणून विश्वस्त मंडळाला माझी विनंती आहे. पन्नास वर्षांत आपण वास्तू उभी केली. आता या सभागृहात महिन्यातून एक संध्याकाळ अशी ठेवावी की, जो कधीच बोलला नाही त्याने पाच मिनिटे बोलावे. विद्यार्थ्यांनी बोलावे, सुनांनी बोलावे, साठी ओलांडलेल्यांनीही बोलावे. चुकले तर कोणी हसू नये.

तो हमाल मला पुन्हा भेटला नाही. उद्या एखाद्या सभेत एखाद्या निरपराध माणसाचे भवितव्य ठरत असेल, तेव्हा सत्य ठाऊक असलेला आपल्यातील कोणी तरुण खाली मान घालून बसू नये, एवढीच माझी भावना आहे.

माझ्या बोलण्याने कोणाचे मन दुखावले असल्यास मिच्छामि दुक्कडं. जय जिनेंद्र!