चालत्या घरातील आवाज आणि उष्णता

(वर्धापनदिनाच्या सभेत मंडळाच्या एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



आज वर्धापनदिनी मी चार शब्द बोलावेत अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. मी सातवी शिकलेली बाई. भाषण करण्याचा मला सराव नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या गाडीचे सांगा. त्यात आम्हा सर्वांच्या उपयोगाचे आहे." तेव्हा जे घडले ते सांगते. त्यात माझी चूक आहे, तीही सांगते.

आमच्या घरातून वीस वर्षे पर्यटनाची सतरा आसनी गाडी चालवली हे आपणांस ठाऊकच आहे. धंदा बंद केल्यावर यांनी ती गाडी विकली नाही. आर.टी.ओ.त रीतसर अर्ज करून परवानगी घेतली, नोंदणीपुस्तकात बदल करून घेतला आणि मागची आसने काढून दोन निजायचे बाक, लहानसा ओटा आणि पाण्याची टाकी बसवली. सासूबाईंचे वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना देवदर्शनाची हौस फार, पण धर्मशाळेत उतरणे आता झेपत नाही. घरच बरोबर नेले तर त्यांना फिरवता येईल, एवढाच आमचा विचार होता.

या जातीच्या गाडीत इंजिन पुढे नाकात नसते. ते चालकाच्या आणि शेजारच्या माणसाच्या मध्ये, एका झाकणाखाली असते. म्हणजे स्वयंपाकघरातली शेगडी जणू माजघराच्या मधोमध मांडलेली. यांच्या डाव्या पोटरीला वीस वर्षे तिची धग लागत आली. आवाज तर असा, की मागे बसून "अहो, पाणी हवे का?" असे विचारले तर यांना तीनदा ओरडून सांगावे लागे. मी म्हणे, हे मुद्दामच ऐकत नाहीत. पुढे घरात कुकरची शिट्टी झालेली कळेना, तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. तपासणीत निघाले, की दोन्ही कानांना बारीक, चढे स्वर कमी ऐकू येतात. वयाचा भाग थोडा, पण वर्षानुवर्षांच्या आवाजाचा मोठा. आवाजाने गेलेले कान औषधाने परत येत नाहीत. मी उगाच त्यांच्यावर चिडत होते, याचे फार वाईट वाटले.

मग मी निश्चय केला, की काही करून गाडीतला आवाज कमी करायचा. बाईच्या हाताशी काय असते? जुनी लुगडी, गोधड्या, उश्या. इंजिनाच्या झाकणावर दुपदरी गोधडी घातली. झाकणाच्या कडेची फट होती, तिच्यात गोधडीची पट्टी खोचली. खिडक्यांना जाड पडदे लावले. आवाज जरासा बुजका झाला. मला धन्यता वाटली.

2023च्या मे महिन्यात आम्ही गणपतीपुळ्याला गेलो. जाताना घाट उताराचा, म्हणून काही जाणवले नाही. परत येताना आंबा घाट चढायचा होता. बाहेर ऊन मी म्हणत होते, म्हणून खिडक्या बंद ठेवल्या. सासूबाई पुढच्या बाकावर, झाकणाजवळ. अर्ध्या घाटात त्या म्हणाल्या, "सूनबाई, डोके फार दुखते गं, मळमळतेय." मी म्हटले, "आई, घाट आहे, गाडी लागली असेल," आणि आवळासुपारी दिली. थोड्या वेळाने त्या बोलेनाशाच झाल्या. मान खाली पडली. घाटमाथ्यावर गाडी थांबवून त्यांना झाडाखाली बसवले, पदराने वारा घातला. वीस मिनिटांनी त्यांनी डोळे नीट उघडले. यांनी तेव्हा सांगितले, "माझेही डोके जड झाले होते, पण तुला कशाला सांगायचे म्हणून गप्प बसलो."

उरलेला रस्ता सगळ्या खिडक्या उघड्या टाकून काटला. कोल्हापुरात डॉक्टरांना दाखवले आणि मग गाडी ओळखीच्या मेस्त्रींकडे नेली. त्यांनी इंजिनाचे झाकण उचलले आणि मला जवळ बोलावले. "वहिनी, हे बघा," म्हणाले. मी खोचलेली गोधडीची पट्टी तेलाने चिंब झाली होती आणि एका टोकाला जळून काळी पडली होती. खाली सायलेन्सरच्या पाईपचा सांधा फुटला होता. त्यातून धूर वर येत होता आणि झाकणाच्या विटलेल्या रबरातून आत शिरत होता. मेस्त्री म्हणाले, "फटफट असा आवाज येत असणार. ऐकला नाहीत?" कसा ऐकणार! त्याच्यावर मीच गोधडी घातली होती.

भगिनींनो, कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू धुरात असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, चक्कर, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे. म्हणजे हुबेहूब गाडी लागल्यासारखी. डिझेलच्या धुरात तो पेट्रोलपेक्षा कमी असतो, पण असतो, आणि बंद गाडीत साठतो. गाडीतल्या दोघांतिघांचे डोके एकदम दुखू लागले आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर उतरले, तर गाडी लागली असे समजू नये. धुराची शंका घ्यावी.

त्या दिवशी मला जी गोष्ट उमगली तीच आज सांगायची आहे. आवाज, उष्णता आणि धूर हे तिघे एकाच फटीतून घरात येतात. आणि त्या तिघांत आवाज हा वर्दी देणारा आहे. त्याचे तोंड दाबण्याआधी तो काय सांगतो ते ऐकावे.

पुढचे सगळे काम मेस्त्री, हे आणि आमचा मुलगा यांनी केले. मी जवळ बसून विचारत राहिले. ते ज्या क्रमाने केले, त्याच क्रमाने सांगते.

पहिले काम दुरुस्तीचे. सायलेन्सरचा सांधा नवा केला. इंजिन ज्या रबरी ठोकळ्यांवर बसते, त्यांना मेस्त्री लोक फाउंडेशन म्हणतात. ते दडपून लोखंडासारखे झाले होते, त्यामुळे इंजिनाची थरथर सरळ सांगाड्यात उतरत होती. ते बदलले. टायर जुने व एका बाजूने झिजलेले होते, तेही बदलले. एवढ्यानेच निम्मा त्रास गेला.

दुसरे काम फटी बुजवण्याचे. कुकरची रिंग सैल असली तर शिट्टी होत नाही, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. तसेच हे. झाकणाला नवीन रबर बसवले. ते नीट बसले की नाही हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. कागदाची पट्टी कडेला ठेवून झाकण बंद करावे आणि पट्टी ओढावी. सहज निघाली तर तिथे फट आहे. रात्री काळोखात झाकणाखाली विजेरी ठेवून वरून पाहिले, तरी जिथे उजेड दिसतो तिथे फट समजावी. वायरी, गियरचा दांडा, हँडब्रेकची केबल जिथून आत येतात, तिथेही भोके असतात. फटीचे महत्त्व केवढे, तर भिंतीचा शंभरातला एक भाग उघडा राहिला, तर बाकीची भिंत कितीही जाड असो, ती सुमारे 20 डेसिबेलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. ताप जसा अंशांत मोजतात तसा आवाज डेसिबेलमध्ये मोजतात.

तिसरे काम वजनाचे. इथे माझी गोधडी चुकली. गोधडी, उशी, पडदा हे खोलीतला घुमारा शोषतात, पण पलीकडून येणारा आवाज अडवत नाहीत. आवाज अडवायला वजन लागते. आडोशाचे वजन दुप्पट केले, तर पलीकडे जाणारा आवाज सुमारे 6 डेसिबेलने उतरतो. शिवाय पातळ पत्रा स्वतःच थरथरतो. रिकाम्या परातीवर टिचकी मारली तर ती ठणकते, तिच्या पाठीला तळहात लावून मारली तर थप्प वाजते. तो तळहात म्हणजे ब्यूटाइल रबराची चिकट पट्टी. ती पत्र्याला रुळाने दाबून चिकटवतात. सगळा पत्रा मढवावा लागत नाही. मधल्या सपाट भागाला, निम्म्या पत्र्याला लावली तरी पुरते. छपराला गळतीसाठी लावतात ती डांबरी पट्टी स्वस्त मिळते, पण गाडीत उन्हाने ती वितळते आणि वास मारते. ती घेऊ नये. जमिनीवर आणि चाकांच्या वरच्या कमानींवर आधी मऊ फोम आणि त्यावर जड रबरी चटई घातली. रस्त्याचा आवाज जास्त तिथूनच येतो.

चौथे काम उष्णतेचे. इंजिनाच्या बाजूने झाकणाला जे अस्तर लावायचे ते न जळणारेच हवे. आम्ही वर चांदीसारखा पत्रा असलेले काचतंतूंचे अस्तर लावले. धुराचा पाईप इंजिनापाशी कित्येक शे अंश तापतो. तिथे कापड, फोम, थर्मोकोल काही चालत नाही. तेलात भिजलेली गोधडी म्हणजे काय, ते काकडा वळणाऱ्या आपणा बायकांना काय सांगावे! गाडीच्या पोटाखाली पाईप आणि जमीन यांच्यामध्ये एक साधा पत्रा इंचभर अंतर सोडून बसवला. हे अंतरच महत्त्वाचे. चकचकीत पत्रा धग परतवतो, पण त्याच्यासमोर मोकळी हवा असेल तरच. गरम वस्तूला चिकटवला तर तोही तव्यासारखा तापतो.

छपराची उष्णता वेगळी. ती इंजिनाची नव्हे, सूर्याची. छप्पर पांढरे रंगवले आणि आतून बंद छिद्रांचा रबरी फोम लावला. काचेला आतून पडदा लावण्यापेक्षा, गाडी उभी असताना बाहेरून कापड टाकलेले बरे. ऊन काचेतून आत आले की ते आतलेच झाले.

पाचवे काम माझे. एवढे सगळे झाल्यावरही मागे खडखड ऐकू येई. ती इंजिनाची नव्हती, माझ्या भांड्यांची होती! ताटांमध्ये फडकी घातली, चमचे कापडी पिशवीत बांधले, डबे घट्ट बसतील असे खण केले. आता बोलायचे निमित्त राहिले नाही.

मुलाने मोबाइलवर आवाज मोजला. असे मोजणे अगदी काटेकोर नसते, पण आधीचे आणि नंतरचे ताडून पाहण्यापुरते चालते. सरळ रस्त्यावर साठच्या वेगाला पूर्वी 82 येत होते, आता 74 येतात. घाटात 86 होते, ते 78 झाले. दहाने उतरले तर कानाला आवाज सुमारे निम्मा वाटतो, तेव्हा आमचे काम जवळजवळ तिथवर आले. 85 डेसिबेलच्या आवाजात दिवसाला आठ तास ही कानांची मर्यादा धरतात. पुढे दर 3 डेसिबेलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 88ला चार तास, 91ला दोनच. वीस वर्षे यांनी किती तास त्या आवाजात काढले, याचा हिशेब मी आता करीत नाही.

एक सावधगिरी मात्र सांगते. फटी बुजवायच्या म्हणजे हवाच कोंडायची नव्हे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साठतो. म्हणून सिलिंडरच्या खणाला तळाशी बाहेर उघडणारी जाळी ठेवली आहे, ती कधीही बुजवत नाही. निजायच्या बाकाजवळ कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे छोटे यंत्र लावले आहे. आणि इंजिन चालू ठेवून, गार हवेसाठी का होईना, गाडीत झोपायचे नाही, हा घराचा नियम केला आहे.

आपण म्हणाल, आमच्याकडे कुठे असली गाडी आहे? नसेल. पण मुले शाळेला ज्या गाडीतून जातात, तिच्यातही पुष्कळदा इंजिन पुढच्या आसनाखालीच असते. मंडळाच्या सहलीला आपण गाडी ठरवतो, तेव्हा भाडे घासाघीस करून ठरवतो. त्याबरोबर झाकणाचे रबर विटले आहे का, आत धुराचा वास येतो का, हे पाहावे, विचारावे. चालक असणाऱ्या कोणाच्या घरातून हाक ऐकू येत नसेल, तर रागावण्याआधी कान तपासून घ्यावे. हे मी स्वतःलाच सांगते आहे.

गेल्या कार्तिकीला सासूबाईंना पंढरपूरला नेऊन आणले. जाताना त्या हरिपाठ म्हणत होत्या आणि पुढे गाडी चालवता चालवता हे त्यांच्याबरोबर म्हणत होते. म्हणजे यांना तो ऐकू येत होता.