शब्दांची साक्ष
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



भाषेचा अभ्यास ही पोट न भरणारी विद्या होय, असा समज आपल्या घराघरांतून रूढ आहे. त्यास छेद देणारे एक विद्वान म्हणून स्वीडनमधील लुंड विद्यापीठात प्राध्यापक राहिलेले यान स्वार्तविक यांचे कार्य आम्ही आज आपणांपुढे ठेवीत आहो.

१९५० साली लंडनमध्ये टिमथी एव्हन्स या तरुणास स्वतःच्या तान्ह्या मुलीच्या खुनाबद्दल फाशी झाली. एव्हन्स जवळजवळ निरक्षर होता. जबान्या त्याच्या, पण लेखणी पोलिसांची. पुढे १९५३ मध्ये, त्याच घरात राहणारा आणि खटल्यातील सरकारपक्षाचा प्रमुख साक्षीदार ख्रिस्ती हाच अनेक स्त्रियांचा मारेकरी निघाला. १९६६ साली एव्हन्सला मरणोत्तर माफी मिळाली. परंतु माफीने गेलेला प्राण परत येत नाही.

सराफाने सोने कसास लावावे, तशी स्वार्तविक यांनी त्या जबान्यांतील वाक्यरचना मोजून पाहिली. कबुलीच्या वादग्रस्त भागात वाक्ये जोडण्याची ढब इतर भागांहून निराळी आढळली. मजकूर थोडा असल्याने त्यांनी निष्कर्ष जपूनच मांडला. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या या निबंधाने न्यायसहायक भाषाविज्ञान या शास्त्रास त्याचे नाव दिले.

परंतु अमुक वाक्य बोलणाऱ्याचे नव्हे, असे म्हणावयाचे तर लोक एरवी कसे बोलतात, हे आधी ठाऊक हवे. लंडन येथे रँडॉल्फ क्वर्क यांच्या देखरेखीखाली बोलीतील इंग्रजीचे नमुने कागदी चिठ्ठ्यांवर उतरविले गेले होते. १९७५ पासून स्वार्तविक यांनी ते लुंड येथे संगणकात भरविण्याचे काम हाती घेतले. प्रत्येकी ५,००० शब्दांचे १०० उतारे असा हा भांडार पुढे जगभरच्या अभ्यासकांस उपयोगी पडला.

पोलिसांपुढील कबुली आरोपीविरुद्ध पुरावा मानू नये, हा १८७२ च्या आपल्या कायद्यातील दंडक २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही राखला आहे. पण कागद केवळ पोलिसचौकीतच होतात असे नाही. आपल्या कित्येक वाडवडिलांनी परक्याने लिहिलेल्या मजकुराखाली अंगठे उठविले. त्यातील शब्द कोणाचे, हे विचारणारा तेव्हा कोणी नव्हता.

म्हणून आमची विनंती एवढीच, की मुलगा वा मुलगी मराठीचा अभ्यास करू म्हणेल, तर तिला हसू नका. संगणक आणि कायदा यांची जोड मिळाल्यास हीच विद्या एखाद्या निरक्षराचा कैवार घेईल. गावोगावची बोली, आहे तशी, टिपून ठेवण्याचे कामही तिनेच करावयाचे आहे.