फुकटचा सल्ला आणि बिघडलेला संगणक

कांहीं विद्या अशा असतात कीं, त्या ज्याच्यापाशीं आहेत त्याला त्या स्वस्थपणें जेवूंहि देत नाहींत. लग्नाच्या पंक्तींत डॉक्टर बसले कीं शेजारचा गृहस्थ आपल्या पोटाची तक्रार त्यांच्यापुढें मांडतो. आगगाडींत वकील भेटला कीं सहप्रवासी आपल्या वाटणीचा दावा तेथेंच सुरू करतो. या जुन्या मंडळींत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आणखी एकाची भर पडली आहे. तो म्हणजे संगणकांतलें कांहीं समजणारा मनुष्य. डॉक्टर-वकिलांना गांठणारा निदान समोर तरी बसलेला असतो. याला गांठणारा बहुधा पूर्वीं कधींहि न पाहिलेला असतो, आणि तो येतो दूरध्वनीवरून.

याचा नंबर कसा पसरतो तें पाहण्याजोगें आहे. एखाद्या रविवारीं तो शेजारच्या काकूंचा प्रिंटर चालू करून देतो. काकू तें कौतुकानें आपल्या भिशींत सांगतात. भिशींतल्या एक बाई आपल्या दिरांना सांगतात. आणि दिरांच्या कचेरींतल्या एका गृहस्थांचा फोन बुधवारीं रात्रीं साडेदहा वाजतां येतो.

“नमस्कार साहेब. आपला नंबर आमच्या कचेरींतून मिळाला. फक्त एक मिनिट हवें होतें.”

“बोला.”

“आमचा कंप्यूटर चालत नाहीं.”

“चालत नाहीं म्हणजे नेमकें काय होतें?”

“अहो, बिघडलाय! काल संध्याकाळपर्यंत उत्तम होता.”

मागितलेलें मिनिट येथेंच संपतें, आणि निदानाला तर अद्याप आरंभहि झालेला नसतो. ‘चालत नाहीं’ या दोन शब्दांच्या पोटांत अनेक निरनिराळे आजार दडलेले असतात. यंत्राला वीजच पोंचत नसेल. यंत्र चालू असून केवळ पडदा काळा असेल. मेमरीची पट्टी खांचेंत सैल झाली असेल. हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत असेल. किंवा संगणक ठणठणीत असून घरचें इंटरनेट तेवढें बंद असेल. नाडी न पाहतां, जीभ न पाहतां औषध सांगणाऱ्या वैद्यावर शहाणा मनुष्य विश्वास ठेवीत नाहीं. पण यंत्राच्या बाबतींत तोच शहाणा मनुष्य न पाहतां इलाज मागतो. त्यांतून “तुम्हीं कांहीं केलें होतें का?” या प्रश्नाला “छे, कांहीं नाहीं” हेंच उत्तर ठरलेलें. लॅपटॉपवर चहा सांडला होता, ही गोष्ट विसाव्या मिनिटाला, तीहि घरांतल्या लहान मुलाच्या तोंडून बाहेर पडते!

हा केवळ वेळेच्या अपव्ययाचा प्रश्न असता, तर हंसून सोडून देतां आला असता. पण त्या डब्यांत हल्लीं घरोघरचीं छायाचित्रें, मुलांचे अभ्यास, दुकानाचे हिशेब आणि कर भरल्याचे कागद सांठवलेले असतात. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असतां “पुन्हां बंद करून चालू करा” असें सांगणें म्हणजे मोडक्या पायाच्या माणसास चालावयास लावणें होय. तशी डिस्क चालवावी तितकी आंतील मजकूर परत मिळण्याची आशा कमी होत जाते. “रीसेट करा” हा सल्ला दोन शब्दांचा. परंतु त्यांतील ‘सर्व कांहीं काढून टाका’ हा पर्याय घाईंत निवडला गेला, तर दहा वर्षांचीं छायाचित्रें दहा मिनिटांत नाहींशीं होतात. नव्या पुष्कळशा संगणकांवर आंतील मजकूर बिटलॉकरच्या कुलुपांत असतो. कांहीं मूळ योजना बदलल्या कीं हें कुलूप ४८ अंकी किल्ली मागतें, आणि ती कोठें लिहून ठेवली आहे याचा मालकास पत्ता नसतो. सल्ला देणारा भला असतो, घेणारा गरजू असतो, आणि दोघांच्या चांगुलपणांतून तिसऱ्याच रात्रीं घरांत रडारड होते. मग “तुम्हीं सांगितलें तसेंच केलें” हें वाक्य ऐकावयास मिळतें, आणि त्या यंत्राचें पुढील सर्व आयुष्य सल्ला देणाऱ्याच्या गळ्यांत पडतें.

मग अनोळखी माणसास उत्तरच देऊं नये काय? तसें म्हणणें माणुसकीला धरून होणार नाहीं. दान करतांना देश, काल आणि पात्र पाहावें असें आपलें जुनें शास्त्र सांगतें. ज्ञानाच्या दानालाहि हाच नियम लावला, तर वाट स्वच्छ दिसूं लागते.

प्रथम देशाचा विचार. दुरुस्तीचें स्थान म्हणजे यंत्र जेथें उघडतां येतें, तपासतां येतें तें; दूरध्वनि तें स्थान नव्हे. तथापि दूरध्वनीवर एक गोष्ट उत्तम साधते, आणि ती म्हणजे पुढील हानि टाळणें. काय करावें हें न पाहतां सांगणें कठीण. काय करूं नये हें मात्र पुष्कळदां न पाहतांहि सांगतां येतें. पाणी सांडलें असेल तर यंत्र चालू करूं नका. डिस्क वाजत असेल तर बंद ठेवा. लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल तर ती दाबूं नका, टोंचूं नका, चार्जिंगला लावूं नका. ती पेट घेऊं शकते. कांहीं पुसूं नका, कांहीं नव्यानें भरूं नका. अनोळखी माणसास फुकट द्यावयाचा सल्ला एवढाच, पण तो लाखमोलाचा आहे.

कालाचा विचार त्याहून सोपा. रात्रीं साडेदहा ही वेळ घरच्या माणसांची आहे. “उद्यां सकाळीं दहानंतर बोलूं” असें म्हणण्यांत उद्धटपणा कांहीं नाहीं. आणि पुष्कळ संगणक सकाळपर्यंत आपोआप बरे होतात, असा सर्वत्र अनुभव आहे!

राहिला पात्राचा विचार. दुसऱ्या दिवशीं प्रबंध द्यावयाचा आहे असा विद्यार्थी किंवा एकटी राहणारी वृद्ध बाई यांना पांच मिनिटें अधिक द्यावींत. कांहीं प्रश्नहि असे असतात कीं त्यांचें उत्तर खरोखर एका मिनिटांत संपतें. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० चा नेहमींचा पाठिंबा थांबविला, तेव्हां आपला संगणक उद्यांपासून बंद पडणार असें अनेकांस वाटलें. तो बंद पडत नाहीं, पण सुरक्षिततेच्या नेहमींच्या दुरुस्त्या येणें थांबतें, एवढें सांगितलें कीं विचारणाऱ्याचा जीव भांड्यांत पडतो. परंतु नवा संगणक घेतांना ज्यानें दुकानदाराशीं हजार रुपयांसाठीं अर्धा तास घासाघीस केली, त्यानें दुरुस्तीची वेळ येतांच विद्येला मोल नसतें असें मानावें, हें पात्रतेचें लक्षण नव्हे. मुंबईंत लॅमिंग्टन रस्त्यावर, पुण्यांत तपकीर गल्लींत आणि प्रत्येक तालुक्याच्या गांवीं याच विद्येवर पोट भरणारे कारागीर बसले आहेत. फुकट सल्ल्यानें त्यांच्या ताटांतला घांस कमी होतो, हेंहि लक्षांत असावें. सल्ला देणाऱ्याचा स्वतःचाच तो धंदा असेल, तर त्यानें शुल्काचा आंकडा प्रथमच सांगावा. आधीं उपकार आणि मग बिल, हा क्रम कोणालाच रुचत नाहीं.

बहुतेक भल्या माणसांची चूक नकार देण्यांत नसून तो उशिरां देण्यांत असते. पहिले दोन दिवस ते तासन् तास बोलतात, तिसऱ्या दिवशीं ‘परगांवीं आहें’ म्हणून खोटें सांगतात आणि चौथ्या दिवशीं फोनच उचलीत नाहींत. त्यापेक्षां प्रथमच शांतपणें म्हणावें, “आपली अडचण कळली. यंत्र पाहिल्यावांचून खात्रीनें सांगतां येणार नाहीं. तूर्त तें बंद ठेवा आणि उद्यां दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. हमीची मुदत शिल्लक असेल, तर बिलावरच्या नंबरावर कंपनीला कळवा.” यांत तुटकपणा नाहीं आणि खोटेपणाहि नाहीं.

विचारणाऱ्यानेंहि कांहीं पथ्य पाळावें. पडद्यावर उमटलेला मजकूर शब्दशः लिहून घ्यावा, घडलें तें लपवूं नये, आणि काम झाल्यावर तसें कळवून आभार मानावे. पण याहून मोठें पथ्य दुसरेंच आहे. न पाहिलेल्या आवाजावर विसंबून यंत्राची कळ दाबण्याची संवय ही फार घातक आहे, कारण दूरध्वनीच्या पलीकडे प्रत्येक वेळीं काकूंचा शेजारीच असेल असें नाहीं. ‘तुमच्या संगणकांत विषाणु शिरला आहे’ असें सांगून परक्याच्या पडद्याचा ताबा घेणारीं आणि बँकेंतील रक्कम लांबविणारीं माणसें याच संवयीवर जगतात. इंटरनेटवर शोधून मिळालेला मदतीचा नंबरहि कित्येकदां त्यांचाच असतो. जो आपण होऊन फोन करतो, दूरून ताबा देणारें ॲप घ्यावयास लावतो किंवा ओटीपी विचारतो, त्याचा सल्ला फुकट असला तरी सर्वांत महाग पडतो. तसा प्रसंग ओढवलाच, तर क्षणाचाहि विलंब न लावतां १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

म्हणूनच जो जाणकार अनोळखी माणसास नम्रपणें “पाहिल्यावांचून सांगतां येणार नाहीं” असें म्हणतो, तो त्याला कांहींच देत नाहीं असें नव्हे. न दिसणाऱ्या आवाजाच्या सांगण्यावरून आपल्या घरचें कुलूप उघडूं नये, हा धडा तो त्याला देतो.