फोटोचे माप आणि फोटोचे वजन
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



अशा मेळाव्यात शिक्षक बोलावयास उभा राहिला की तो शिक्षणाचे महत्त्व सांगणार, हे आपण धरूनच बसलेले असता. ते महत्त्व आपणांस पटले नसते, तर आज दुकान, रिक्षा, शिलाईकाम बंद ठेवून आपण येथे आलाच नसता. म्हणून मी आज एका अगदी लहान गोष्टीविषयी बोलणार आहे. इंटरनेटवर पाठवावयाचा फोटो योग्य आकाराचा कसा करावा, एवढीच ती गोष्ट. परंतु तिच्यापायी एका मुलीची वर्षाची शिष्यवृत्ती गेलेली मी पाहिली आहे, आणि त्यात दोष माझाही होता.

काही वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी दहावीला उत्तम गुण मिळवून शिष्यवृत्तीचा अर्ज भरीत होती. वडिलांच्या मोबाइलवर सारी माहिती तिने स्वतः भरली आणि फोटोपाशी येऊन अडली. 'फोटोचा आकार मर्यादेपेक्षा जास्त आहे,' असे उत्तर पुन्हा पुन्हा येऊ लागले. ती माझ्याकडे आली. मी बी. ए., बी. एड.; पण मलाही त्यातले काही कळत नव्हते. 'दुकानात जा, ते करून देतील,' असे सांगून मी मोकळा झालो. पहिल्या दिवशी दुकानात गर्दी होती. दुसऱ्या दिवशी वडिलांना रिक्षा सोडून जाता आले नाही. तिसऱ्या दिवशी, शेवटच्या घटकेला, फोटो कसाबसा दाबून बसविला गेला. त्यात चेहरा पसरट झाला आणि अर्ज छाननीतून परत आला. दुरुस्तीची मुदत संपल्यावर तिला ते कळले. तिचे अब्बा मला फक्त म्हणाले, 'सर, नशीब!' मला मात्र त्याला नशीब म्हणवेना. दहा मिनिटांत शिकता येणारी गोष्ट तिच्या शिक्षकाला येत नव्हती.

त्यानंतर मी ती शिकलो. तीच आज आपणांपुढे मांडतो.

प्रथम हे ध्यानात घ्या की, प्रत्येक फोटोला माप असते आणि वजनही असते. पुष्कळ घोटाळा होतो तो या दोन्हींना आपण 'साइज' हा एकच शब्द वापरतो म्हणून.

माप मोजावयाचे पिक्सेलमध्ये. अंगणात रंगीत फरशीचे तुकडे बसवून नक्षी काढतात, तसा मोबाइलमधील फोटो बारीक रंगीत ठिपक्यांचा बनलेला असतो. एक ठिपका म्हणजे एक पिक्सेल. १९५७ साली अमेरिकेत रसेल किर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो संगणकात उतरविला. त्याचे माप होते १७६ गुणिले १७६, म्हणजे जेमतेम ३१ हजार ठिपके. आज आपल्या खिशातील १२ मेगापिक्सेलचा मोबाइल ३००० रुंद आणि ४००० उंच, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपक्यांचा फोटो काढतो.

वजन मोजावयाचे केबी आणि एमबीमध्ये. एक एमबी म्हणजे सुमारे हजार केबी. एका ठिपक्याचा रंग नोंदवावयास साधारणतः ३ बाइट लागतात. त्या हिशेबाने वर सांगितलेल्या फोटोचे वजन ३६ एमबी व्हावे. प्रत्यक्षात ते तीन-चार एमबीच भरते. असे का होते, हे विद्यार्थ्यांनी मुद्दाम ऐकावे.

बेंगळुरूमध्ये १९४० साली जन्मलेले नासिर अहमद तेथेच अभियांत्रिकी शिकून अमेरिकेत गेले आणि प्राध्यापक झाले. चित्रातील माहिती थोडक्यात साठविण्याची एक गणिती रीत त्यांना सुचली. १९७२ मध्ये त्यांनी संशोधनासाठी अनुदान मागितले. ते मिळाले नाही. कल्पना फारच सोपी वाटते, असा शेरा आला होता, असे त्यांनीच पुढे लिहिले आहे. तरीही १९७३ च्या उन्हाळ्यात वेतनाविना त्यांनी काम चालू ठेवले. त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि स्नेही के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९२ साली ठरलेली 'जेपीईजी' पद्धत याच रीतीवर उभी आहे. तीत चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात आणि डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारीक फरक सोडून देतात. त्यामुळे वजन घटते. अर्जात 'जेपीजी फोटो जोडा' असे वाचाल, तेव्हा या माणसाची आठवण ठेवा.

आता प्रत्यक्ष कृती पाहू. बँकभरतीच्या परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या सूचनांत फोटोचे माप २०० गुणिले २३० पिक्सेल आणि वजन २० ते ५० केबी असे येत आले आहे. तेच उदाहरण घेऊ. निरनिराळ्या अर्जांच्या अटी निरनिराळ्या असतात आणि त्या बदलतातही. म्हणून प्रत्येक वेळी सूचना स्वतः वाचाव्यात.

पहिली पायरी, मूळ फोटोची एक प्रत करून घ्यावी. शिंपी कात्री चालविण्यापूर्वी माप दोनदा घेतो, कारण कापलेले कापड पुन्हा अखंड होत नाही. फोटोचेही तसेच आहे. लहान केलेला फोटो पुन्हा ताणून मोठा केला तर गेलेला बारकावा परत येत नाही, चित्र धूसर होते. कात्री नेहमी प्रतीवर चालवावी.

दुसरी पायरी, फोटो कापावा. मोबाइलचा उभा फोटो ३ : ४ या प्रमाणात असतो आणि अर्जाला २० : २३ हवे असते. तो सरळ २०० गुणिले २३० मध्ये कोंबला, तर रुंदी १५ पटींनी घटते आणि उंची १७ पटींहून अधिक. चेहरा पसरट होतो तो यामुळेच. म्हणून चेहरा नीट मध्यावर घेऊन आधी २००० रुंद आणि २३०० उंच एवढा भाग कापावा. आता दोन्ही बाजूंना १० ने भागले की २०० आणि २३० येतात, आणि चेहरा जसाचा तसा राहतो. मुलांनो, 'गुणोत्तर-प्रमाण कशाला शिकावयाचे?' असे मला वर्गात विचारता ना? यासाठी!

तिसरी पायरी, माप कमी करावे. संगणकावरील पेंटमध्ये 'रिसाइज' हा पर्याय असतो. त्यात पिक्सेल निवडून आकडे भरावेत आणि प्रमाण कायम ठेवण्याच्या चौकटीत खूण असू द्यावी. मोबाइलमध्ये फोटो कापण्याची सोय गॅलरीतच असते.

चौथी पायरी, जेपीजी म्हणून साठवून वजन पाहावे. २०० गुणिले २३० म्हणजे ४६ हजार ठिपके. मूळ फोटोच्या सुमारे २६० पट कमी. त्यामुळे वजन आपोआप उतरते. कधी ते २० केबीहून खाली जाते आणि अर्ज तेही स्वीकारीत नाही. अशा वेळी मूळ प्रतीकडे परत जाऊन जेपीजीची गुणवत्ता वाढवून साठवावे. ही सोय गिम्पसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये मिळते. लहान फोटोच पुन्हा पुन्हा साठवीत बसू नये. प्रत्येक वेळी तो थोडा खराब होतो. आणि पीएनजी फोटोचे नुसते नाव बदलून तो जेपीजी होत नाही.

आणखी दोन सूचना देतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठविलेले चित्र वाटेतच लहान होते. मूळ हवे असेल तर ते डॉक्युमेंट म्हणून मागवावे. दुसरे, 'फोटो लहान करून देतो' म्हणणाऱ्या कोणत्याही अनोळखी संकेतस्थळावर मुलींचे फोटो, सही किंवा आधार कार्ड चढवू नये. अनोळखी माणसाच्या हाती आपण ही कागदपत्रे देतो का? मग येथे तरी का द्यावीत?

शिक्षक आणि कार्यकर्त्यांनीही हे शिकले पाहिजे. स्नेहसंमेलनाचे चार-चार एमबीचे वीस फोटो संकेतस्थळावर तसेच ठेवले, तर पाहणाऱ्या पालकाचा ८० एमबी डेटा खर्च होतो. तेच १२०० पिक्सेल रुंदीचे केले, तर सारे मिळून चार-पाच एमबीत बसू शकतात आणि मोबाइलवर स्पष्टही दिसतात. छपाईला मात्र मूळ फोटोच द्यावा. इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने २०० पिक्सेलचा फोटो कागदावर पाऊण इंचही भरत नाही. या स्मरणिकेसाठी फोटो पाठविताना तेवढे लक्षात असू द्या.

पालकहो, मुलांच्या हाती मोबाइल दिसला की आपण रागावतो, आणि ते बहुधा योग्यच असते. पण आज रात्री जेवणानंतर दहा मिनिटे तोच मोबाइल आपण होऊन मुलीच्या किंवा मुलाच्या हाती द्या. उजेडात, साध्या भिंतीपुढे त्याचा एक चांगला फोटो काढा. मूळ फोटो जपून ठेवा आणि त्याची एक प्रत लहान करून पाहा. शेवटच्या तारखेच्या रात्री शिकण्यापेक्षा हे आज शिकलेले बरे.

त्या मुलीविषयी आपल्या मनात प्रश्न असेल. पुढल्या वर्षी तिने आपला अर्ज स्वतः भरला आणि मोहल्ल्यातील आणखी चार मुलींचेही फोटो करून दिले. एकही अर्ज परत आला नाही. पहिल्या वर्षाची रक्कम मात्र तिला मिळाली नाही, ती नाहीच. त्या वर्षीची पुस्तके तिच्या अम्मीने शिलाई करून घेतली. म्हणून, 'सर, फोटो जात नाही,' म्हणत कोणी विद्यार्थी आला की मी त्याला आता दुकानाचा रस्ता दाखवीत नाही. खुर्ची ओढतो आणि म्हणतो, बस, आपण दोघे मिळून करू.