हसणारे आपण



माघी पौर्णिमेच्या सुमारास दरेकसा स्टेशनवर उतरून धनेगावच्या वाटेने कचारगडाकडे निघालेली माणसांची रांग आपल्या गोंदिया जिल्ह्यातील पुष्कळांनी पाहिली असेल. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा दूरच्या मुलखांतून गोंड समाजाचे भाविक येतात आणि डोंगर चढून गुहेपाशी माथा टेकतात. गोंडी परंपरेत या गुहेची कथा सांगतात ती अशी. काली कंकालीची मुले येथे कोंडली गेली होती आणि दारावर प्रचंड शिळा होती. जंगो रायताडला त्यांची दया आली, पारी कुपार लिंगोने सुटकेचा मार्ग काढला आणि हिरासुका पाटालीरच्या वाद्याच्या सुरांनी मुलांच्या अंगी बळ आले. शिळा सरली, मुले सुटली. पण वाजवणारा मात्र त्याच शिळेखाली गेला.

माणसे कोंडण्याचा एक दुसरा प्रकार आज आपण घरबसल्या पाहतो. एका घरात दहापंधरा माणसे ठेवायची, त्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध तोडायचा, चहूकडे कॅमेरे लावायचे आणि कोणी राहावे, कोणी जावे हे प्रेक्षकांच्या मतांवर ठरवायचे! हा खेळ 1999 साली हॉलंडमध्ये निघाला, पुढे इंग्लंडमध्ये गेला. आपल्याकडे तो 2006 साली हिंदीत आणि 2018 साली मराठीत ‘बिग बॉस’ या नावाने आला.

इंग्लंडमधील एका प्रसंगाची आठवण आज मुद्दाम करून देतो. जानेवारी 2007 मध्ये मुंबईत वाढलेली अभिनेत्री शिल्पा शेट्टी तिथल्या घरात राहावयास गेली. बरोबरच्या काही स्त्रियांनी तिच्या उच्चारांची नक्कल केली, हिंदुस्थानात लोक हाताने जेवतात यावरून नाक मुरडले. जेड गुडी नावाच्या तरुणीने तर तिच्या आडनावाच्या जागी ‘पापड’ हा शब्द जोडला. मग गहजब उडाला. तिथल्या प्रसारण-नियामक संस्थेकडे चाळीस हजारांवर तक्रारी गेल्या, पुरस्कर्त्या कंपनीने अंग काढून घेतले, इकडे पाटण्यात निषेध म्हणून पुतळे जाळले गेले. शेवटी प्रेक्षकांनी शिल्पालाच विजयी केले आणि मे महिन्यात त्या संस्थेने वाहिनीला दोषी ठरविले.

आपण म्हणाल, छान झाले, न्याय झाला! पण थांबा. ही जेड कोण होती? लंडनच्या गरीब वस्तीत वाढलेली, शिक्षण बेताचे. 2002 साली ती याच खेळात प्रथम आली, तेव्हा तिच्या अज्ञानाची आणि अंगलटीची वर्तमानपत्रांनी मनसोक्त टिंगल केली होती. म्हणजे जिला साऱ्या देशाने हसून घेतले, तीच पाच वर्षांनी दुसरीला हसली. आणि मग सारा देश पुन्हा तिच्यावर तुटून पडला. 2008 साली ती आपल्याकडच्या ‘बिग बॉस’मध्ये आली. सूत्रसंचालिका होती शिल्पा शेट्टीच. त्याच घरात असताना तिला कर्करोग झाल्याची बातमी मिळाली आणि 22 मार्च 2009 रोजी, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, ती गेली. उपहास असा हातोहात फिरतो. आज ज्याच्या वाट्याला येतो, तोच उद्या दुसऱ्याच्या पदरात टाकतो.

मराठी खेळाचे पाचवे पर्व 2024 साली झाले. ज्येष्ठ अभिनेत्री वर्षा उसगांवकर यांच्याशी वयाने लहान असलेली माणसे ज्या भाषेत बोलली ती ऐकून अनेक घरांत संताप झाला. दुसरीकडे बारामती तालुक्यातील मोढवे गावचा सूरज चव्हाण! आईबापांविना वाढलेला, शाळा अर्धवट सुटलेली. असल्या मुलाला घेतलेच का, म्हणून आधी नाके मुरडली गेली. पण ऑक्टोबरमध्ये लोकांनी त्यालाच निवडले. मला त्याचा आनंद झाला. तरी एक प्रश्न मनात राहिलाच. जो सूरज पडद्यावर आहे त्याला आपण मत देतो. पण जो आपल्या वर्गात मागच्या बाकावर बसला आहे, त्याचे काय?

हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारतो. काही वर्षांपूर्वी सालेकशाकडच्या खेड्यातला एक विद्यार्थी वर्गात निबंध वाचून दाखवीत होता. घरची भाषा गोंडी, बाहेरची झाडी. ‘पाणी’च्या जागी तो ‘पानी’ म्हणे. वर्ग हसला. आणि खरे सांगतो, मीही हसलो. तो खाली बसला. वर्ष संपेपर्यंत त्याने वर्गात पुन्हा तोंड उघडले नाही. मी नियमित हजेरी घेत होतो. हजेरीत तो रोज ‘हजर’ होता!

तिथे चाळीस हजार लोकांना तक्रार करता आली, कारण कॅमेरा होता. माझ्या वर्गात कॅमेरा नव्हता, नियामक संस्था नव्हती. तिथे तक्रार ऐकणारा एकटा मीच होतो, आणि मीच हसणाऱ्यांत जाऊन बसलो होतो.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हा खेळ पाहू नका असे मी सांगणार नाही. सांगून कोण ऐकते? घरात मुलांबरोबर बसून पाहत असाल, तर एवढेच करा. कोणाच्या बोलीवर, अंगावर, गरिबीवर हशा झाला की मुलांना विचारा, ‘यात हसण्यासारखे काय होते रे?’ आणि वर्गात तसा हशा उठला, तर हसलेल्यांना रागावण्यापूर्वी त्या मुलाला म्हणा, ‘वाच बाळ, पुढे वाच. आम्ही ऐकतो आहोत.’

कचारगडाच्या कथेत गुहेबाहेर माणसे होती. त्यांतले कोणी आत कोंडलेल्यांची गंमत पाहत उभे नव्हते. एकाने तर शिळा हलावी म्हणून प्राण दिला. आपल्याकडून तेवढे कोणी मागत नाही. आपण फक्त हसू आवरायचे आहे.