दारुड्याच्या घरच्यांनी कुणाशी बोलायचं?

(पाड्यापाड्यांतल्या बायांच्या दोन दिवसांच्या शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी झालेलं हे बोलणं. टेपवरून उतरवून घेतलं आहे. बोलणाऱ्या ताईंनी नाव छापू नका असं सांगितलं. का ते वाचल्यावर कळेल.)

 

काल दिवसभर आपण दाव्यांवर बोललो. कुणाचा दावा तालुक्याला अडकला, कुणाची जागा मोजणीत कमी भरली, कुणाच्या पुराव्याला वनखात्याने हरकत घेतली. रात्री भाकऱ्या थापताना मात्र चुलीपाशी वेगळंच चाललं होतं. एक बाय म्हणाली, आमच्या दाव्याची पावती नवऱ्याने गुत्त्यावर ठेवलीय, उधारीपोटी. दुसरी म्हणाली, आमचा प्लॉट तीन वर्षं दुसराच कसतोय, यांनी नशेत कुठल्या कागदावर अंगठा दिला ते यांनाच माहीत नाय. दिवसा मिटिंगमध्ये यातलं एक अक्षर कुणी काढलं नाही. म्हणून आजची सकाळ मी मागून घेतली.

आधी कायद्याचं सांगते, म्हणजे त्या दोघींचा जीव थोडा खाली बसेल. २००६ च्या वनहक्क कायद्यात लग्न झालेल्या माणसाचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावाने नोंदला जातो. तो वारसाने पोरांना जातो, पण विकता येत नाही आणि दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. म्हणजे गुत्त्यावरच्या त्या अंगठ्याला कायद्यात किंमत नाही. पण जमिनीवर ज्याचा नांगर चालतो त्याला आपण हटवणार कसं, ते संघटनेनं करायचं काम आहे. त्या दोघींनी जेवणाच्या सुट्टीत कार्यालयाच्या माणसाला भेटा, कागद घेऊन.

आता दारूचं. आपल्याकडे दारू देवाला लागते, मयताला लागते, लग्नाला लागते. मोहाची गाळायची, सगळ्यांनी मिळून प्यायची, ही आपली रीतच होती. मग इंग्रज सरकारने १८७८ साली अबकारी कायदा केला आणि घरी गाळणं गुन्हा ठरवलं. १८९२ साली तर ठाणे जिल्ह्यात मोहाची फुलं जवळ ठेवायलासुद्धा बंधनं आली. फुलं आपल्या झाडाची, अन् दारू घ्यायची परवानेवाल्याच्या दुकानातून. उधारी वाढली की तोच दुकानदार जमिनीचा मालक. आपल्या किती जमिनी अशा गेल्या ते म्हाताऱ्यांना विचारा. म्हणून १९२२ साली देवीची लाट आली. आपल्याच किनाऱ्याकडून उठली आणि पार सुरतेकडे गेली. अंगात आलं की देवी बोलायची, दारू सोडा, ताडी सोडा, दारूच्या धंदेवाल्याकडे मजुरीला जाऊ नका. पुढं शहाद्याकडे १९७२-७३ च्या सुमाराला श्रमिक संघटनेच्या बाया गुत्ते फोडायला निघाल्या. गडचिरोलीत लोकांनी लढून १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी आणली. आपणही मडकी फोडली आहेत, यातल्या निम्म्या जणी तेव्हा होत्या. पेसा कायद्याने ग्रामसभेला नशेच्या वस्तूंवर बंदी घालण्याचा अधिकार आहे. परवान्याचं दुकान असेल तर गावातल्या निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीला मत दिलं की ते बंद होतं. हातभट्टी तर मुळातच बेकायदा.

हे सगळं करायचंच. पण गुत्ता फुटतो त्या संध्याकाळी काय होतं? ज्याला दारू लागलीय तो माणूस नदी ओलांडून पलीकडच्या गावात जातो. रात्री उशिरा येतो आणि मडकं फोडलं म्हणून बायकोलाच मारतो. ग्रामसभा त्याला दंड लावते. दंड भरतं कोण? तिची कोंबडी विकली जाते. गेल्या पावसाळ्यात एका पाड्यावर पाचशे रुपये दंड झाला, तो त्या बाईने लावणीच्या मजुरीतून भरला. गावाने दारू पिणाऱ्याला शिक्षा केली असं वहीत लिहिलंय. मी असल्या दंडाच्या विरोधात आहे, हे इथं सगळ्यांसमोर सांगते. दंड विकणाऱ्याला करा.

तर घरच्यांचं काय? त्यांच्यासाठी आपल्याकडे काहीच नव्हतं.

माझ्या घरात दारू आहे. बारा वर्षं. वीटभट्टीवर खर्ची मिळाली की शनिवारी रात्रीच संपायची, आणि शेठ उचलीच्या वहीत आकडा चढवायचा. माझी धाकटी शाळेतून यायची ती आधी दारातून वाकून बघायची, बाबा कसा आहे, मग आत यायची. आठ वर्षांची पोर. तिचं पोट सारखं दुखायचं म्हणून ग्रामीण रुग्णालयात नेलं. तपासलं, काही सापडलं नाही. तिथल्या सिस्टरने मला बाजूला घेतलं आणि विचारलं, घरात कोण पितं? मी काही बोललेच नाही. तीच म्हणाली, शहरात रविवारी पिणाऱ्यांची बैठक भरते, तिथं घरच्यांचीही वेगळी बैठक असते, जाऊन बघ.

पहिला रविवार गेला, दुसरा गेला. तिसऱ्या रविवारी एसटीने गेले. एका शाळेची खोली. सात बाया, एक म्हातारा बाप आणि एक कॉलेजचा पोरगा. कुणी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जात विचारली नाही. पैसे मागितले नाहीत. शेवटी एक डबा फिरवला, ज्याला टाकायचे त्याने टाकले. एकेक जण आपलं सांगत होता, बाकीचे ऐकत होते. मध्ये कुणी "तू असं का नाही करत" म्हटलं नाही. आपल्या मिटिंगा आठवा, एक बोलते आणि चौघी शिकवतात.

याला अल-अनॉन म्हणतात. दारू सोडणाऱ्यांची अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणून मंडळं आहेत, ती अमेरिकेत १९३५ साली सुरू झाली. त्यांच्या बैठका चालायच्या तेव्हा बायका ताटकळत बसायच्या. त्या आपसात बोलायला लागल्या आणि १९५१ साली दोन बायांनी त्याचं रीतसर मंडळ केलं. "ॲनॉनिमस" म्हणजे नाव नसलेले. तिथं ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, हा पहिला नियम. म्हणून मी नाव छापू देत नाही. माझ्या नवऱ्याचं नाव त्यात आपोआप येतं.

तिथं मला जे मिळालं ते एका वाक्यात सांगता येत नाही, पण सगळ्यात मोठं हे, की त्याची दारू माझ्यामुळे लागली नाही. सासू म्हणायची, तुझ्या तोंडामुळे पितो. मुलगा झाला नाही म्हणून पितो. तिथं शहरातली शिकलेली, पगाराची बाई सांगत होती की तिची सासूही हेच म्हणते. मला हसू आलं. दारू हा आजार आहे, तो माझ्याने लागला नाही आणि माझ्या रडण्याने, उपासाने, नवसाने जाणारही नाही. सोडायची तर त्यानेच. मी माझं आणि पोरींचं बघायचं. म्हणजे काय? तो गटारात पडला तर त्याला उचलायला चौघांना गोळा करायचं नाही, जीवाला धोका असेल तरच उचलायचं. भट्टीवर "ताप आलाय" असं खोटं सांगायला जायचं नाही. त्याच्या उधारीला आपण हो म्हणायचं नाही. तो पिऊन असताना भांडायचं नाही, उतरल्यावर बोलायचं. आणि मारायला उठला तर हा नियम, तो नियम काही नाही, पोरांना घेऊन बाहेर पडायचं. मार खाणं हा आजाराला समजून घेण्याचा भाग नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी असतात, १८१ नंबर आहे.

त्यांच्यातलं काही मला जमलं नाही तेही सांगते. ते फार वेळा देवाचं नाव घेतात. कुठला देव ते ज्याचं त्याने ठरवायचं म्हणतात, मी हिरव्याला धरलं. पण ते म्हणतात, मन भरून आलं की एकमेकींना फोन करा. आमच्या पाड्यावर टेकडीवर चढलं तर रेंज मिळते, ती पण मिळाली तर. आणि येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरली तर दर रविवारी कोण जाणार?

म्हणून आम्ही पाचजणींनी आपल्याकडेच सुरू केलं. पंधरा दिवसांनी एकदा, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी. हा बचत गट नाही, हजेरी नाही, वही नाही, फोटो नाही. कुणाला बोलायचं नसेल तर ती मूग निवडत बसते, चालतं. पाड्यावर नाव कसं लपणार, सगळ्यांना सगळं माहीत असतं. खरं आहे. म्हणून आम्ही नाव लपवत नाही, बोलणं लपवतो. तिथलं पाणवठ्यावर निघालं तर ती बाई परत येणार नाही, आणि आमच्यातली एक अशीच गेली. चौघी उरलो, मग सहा झालो. आता नऊ आहोत. दोघींच्या घरची दारू सुटलीय, सातजणींच्या घरची नाही. त्या सातजणीही येतात.

एक गोष्ट मात्र नीट ऐका, यात माणूस मरतो. जो रोज भरपूर पितो, त्याने एकदम बंद केली, किंवा आपण त्याला शपथ घालून कोंडून ठेवलं, तर पहिल्या-दुसऱ्या दिवशी हात कापतात, घाम फुटतो, फिट येते. दोन-तीन दिवसांनी भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, माणसं दिसतात. आपण म्हणतो, बाहेरचं लागलं, आणि भगताकडे नेतो. भगताला मी नावं ठेवत नाही, पण आधी दवाखाना. फिट किंवा भास म्हणजे १०८ बोलवा. डॉक्टर औषध देऊन हळूहळू उतरवतात, आणि जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. दुसरं, बाजारात "गुपचूप भाजीत घाला, दारू सुटेल" अशी पुडी विकतात. घालू नका. त्यात काय आहे ते आपल्याला कळत नाही. अशा कामाची एक डॉक्टरांची गोळी असते, ती पोटात असताना वर दारू गेली तर छाती धडधडते, रक्तदाब पडतो, जीवही जातो. ती गोळी माणसाला सांगून, त्याच्या मर्जीने आणि डॉक्टरच्या नजरेखालीच द्यायची.

कुठं विचारायचं? ग्रामीण रुग्णालयात विचारा की मानसिक आजाराचे डॉक्टर जिल्ह्यावरून कधी येतात. व्यसनाचं ते बघतात. शहरात ए.ए.ची बैठक कुठं भरते ते विचारलं की घरच्यांच्या बैठकीचा पत्ता तिथंच लागतो. १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा नंबर आहे, त्याला पैसे पडत नाहीत. पुण्याला मुक्तांगण आहे, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली काढलं, तिथं माणसाबरोबर घरच्यांनाही बसवून बोलतात. लांब आहे, पण माहीत असावं.

(इथं एका बाईने विचारलं: आमच्या पाड्यावर जी विकते ती विधवा आहे, तिचा पोरगाही पितो. तिला बैठकीत घ्यायचं का?)

हा प्रश्न आमच्याकडेही आला होता, तीन बैठका त्यावरच गेल्या. दोघी म्हणाल्या, तिच्यामुळे आमचं घर बसलं, ती आली तर आम्ही नाही. आम्ही तिला इतकंच सांगितलं की पोराची आई म्हणून यायचं तर ये, पण भट्टी चालू आहे तोवर नाही. ती चिडून गेली. मग संघटनेनं तिला रोजगार हमीचं जॉबकार्ड काढून दिलं. भट्टी अजून पूर्ण बंद नाही, सणाला लावते. बैठकीला येत नाही, पण परवा पोराला फिट आली तेव्हा रात्री माझंच दार वाजवलं.

(दुसरा प्रश्न, मागून एका भावाने: संघटनेचे कार्यकर्तेच पितात त्यांचं काय?)

त्यांच्या बायकांना आमच्याकडे पाठवा. पुढची बैठक येत्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, अंगणवाडीच्या ओट्यावर, दुपारी. आणि त्या कार्यकर्त्यांबद्दल काय करायचं ते जिल्हा समितीत मांडा, मी तिथं बोलेन.