थोरांची ताटे आणि घरची नजर
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक मेळाव्यात, हेब्बाळ येथे केलेले भाषण)



चिटणीसांनी मला बोलावयास सांगितले तेव्हा विषय दिला नाही. "वीस मिनिटे, आणि जेवणाआधी" एवढीच अट घातली. पलीकडून मसालेभाताचा वास येत असताना माणसाने फार उंच विषयाला हात घालू नये, हे सरकारी नोकरीत तीस वर्षे काढलेल्या मला कळते. मी साधा बी. ए. आहे, टिपणे आणि स्मरणपत्रे यांपलीकडे माझ्या हातून लेखन झालेले नाही. तेव्हा थोर माणसे काय खात, कशी खात, आणि मुख्य म्हणजे ते आपल्याला कोणी सांगितले, एवढ्यावरच चार शब्द बोलतो.

थोरांची भाषणे वर्तमानपत्रे छापतात, पत्रे पुढे संग्रहात येतात. पण ताटात काय उरले हे फक्त ताट उचलणाऱ्याला ठाऊक. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या अर्थशास्त्रावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. परंतु रानडे आंबा कसा खात, हे रमाबाईंनी लिहिले नसते तर आज कोणालाही कळते ना. त्यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९१० साली, म्हणजे रानडे गेल्यानंतर नऊ वर्षांनी, प्रसिद्ध झाले. त्यात त्या पतीचा उल्लेख 'स्वतः' असा करतात. नाव घ्यावयाचे नाही आणि दूरही ठेवावयाचे नाही, यासाठी याहून चांगला शब्द मला तरी सुचत नाही.

आंब्याची हकीकत आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. घरी चांगले आंबे आलेले. रमाबाईंनी एक आंबा चिरून पुढे ठेवला. स्वतःंनी एकदोन फोडी खाल्ल्या, आंबा उत्तम आहे म्हणाले, आणि बाकीचा इतरांना देण्यास सांगितले. रमाबाईंना वाईट वाटले. आंबा उत्तम असेल तर पुरा का खाऊ नये? तेव्हा रानड्यांनी मुंबईतल्या विद्यार्थिदशेतली आठवण सांगितली. शेजारी एक बाई राहत. पूर्वी घरची सुबत्ता, पुढे दिवस फिरलेले. त्या बाई स्वतःच्या जिभेची समजूत घालीत की, तेव्हा चार भाज्या होत्या, आता नाहीत. तुला आता गप्प बसले पाहिजे. ते ऐकल्यापासून, ज्या वस्तूची आवड अधिक तीच थोडी खावयाची, अशी शिस्त रानड्यांनी स्वतःला लावून घेतली. पुढे तर ते घास मोजून जेवीत. आपल्या शास्त्रकारांनी गृहस्थाला बत्तीस, वानप्रस्थाला सोळा आणि यतीला आठ घास सांगितले आहेत. परंतु उच्च न्यायालयाचा न्यायाधीश आपल्या घरच्या पाटावर बसून घास मोजतो आहे, आणि वाढणारी ते ओळखून मनात झुरते आहे, हे चित्र शास्त्रात नाही.

याच रानड्यांची बालपणीची गोष्ट पाहा. आईने बर्फीचे दोन तुकडे हातांत दिले, एक मोठा व एक लहान. एक तू खा, एक गड्याच्या मुलाला दे. मुलाने मोठा तुकडा देऊन टाकला आणि लहान आपण खाल्ला. आता याला औदार्य म्हणावे की भोळेपणा? घरच्यांना तो भोळेपणाच वाटला असला पाहिजे, कारण हा मुलगा पुढे काय कमावणार अशी त्यांच्या आईला काळजी होती. खांबाशी सोंगट्या खेळून खांबाकडून हरणारा हा मुलगा! असो.

मुलांनी लिहिलेल्या आठवणींत याहून मिस्किल नजर असते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून पुस्तकरूपाने येऊ लागली, आणि आरंभालाच त्यांनी आपल्या वडिलांचे सोवळे मांडून ठेवले. १८५७ च्या धामधुमीत जवळच्या नातलगाला फाशी झाली, त्या धक्क्याने वडिलांना धुण्याचे वेड लागले. घरात येणारा जिन्नस धुतल्यावाचून आत यावयाचा नाही. अशा घरात लहान मुलांनी कसे खाल्ले असेल, याची कल्पना करवत नाही. पण लक्ष्मीबाई रडगाणे गात नाहीत. त्या हसतात, आणि हसता हसता त्या वेडामागची भीतीही आपल्याला दिसू देतात. इथे वडील मुळात प्रसिद्ध नव्हते. लेकीने त्यांना प्रसिद्ध केले.

तिसरे ताट आपल्या या रस्त्याचेच आहे. हेब्बाळवरून जाणारा हा बळ्ळारी रस्ता पुढे देवनहळ्ळीवरून नंदी टेकडीकडे जातो. १९२७ च्या मार्चमध्ये महात्माजी कोल्हापूरच्या बाजूस दौऱ्यावर असताना आजारी पडले आणि एप्रिलमध्ये विश्रांतीसाठी नंदीवर आले. पुढे काही आठवडे ते बंगळुरातही राहिले. त्यांच्या आहाराच्या प्रयोगांवर ग्रंथ आहेत, परंतु मला त्यांतला कस्तुरबांचा भाग अधिक आवडतो. आफ्रिकेत कस्तुरबा आजारी असताना गांधींनी त्यांना मीठ व डाळ सोडण्यास सांगितले. बा म्हणाल्या, हे तर तुम्हालाही सोडता येणार नाही. झाले! त्याच क्षणी गांधींनी वर्षभरासाठी दोन्ही सोडली. बा रडल्या, विनवू लागल्या, पण शब्द गेला तो गेला. पुढे वर्षे लोटली. गांधींनी दूध न घेण्याचे व्रत केलेले, आणि १९१८ च्या मोठ्या दुखण्यानंतर डॉक्टर सांगत होते की दुधाखेरीज शक्ती येणार नाही. तेव्हा वाट काढली ती बांनीच: व्रत घेताना तुमच्या मनात गाईम्हशीचे दूध होते ना? मग शेळीचे घ्या. व्रताचे अक्षर राहिले, आत्मा गेला, अशी कबुली गांधींनी आत्मचरित्रात दिली आहे. मला विचाराल तर त्या दिवशी बांनी मीठ-डाळीचा जुना हिशेब चुकता केला.

आता या थोरांच्या पंगतीत मी एक पाट अधिक मांडणार आहे, त्याबद्दल क्षमा असावी. माझे वडील प्रसिद्ध नव्हते. देवराष्ट्राच्या पंचक्रोशीत प्राथमिक शाळेचे गुरुजी म्हणून जेवढी प्रसिद्धी मिळते तेवढीच त्यांना होती. ती मात्र तीन पिढ्यांत होती. देवराष्ट्रे म्हणजे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. पण अण्णा प्रथम सांगत ते, रमाबाई रानडे आमच्या देवराष्ट्राच्या, कुर्लेकरांच्या लेक. रमाबाईंचे ते पुस्तक त्यांनी आम्हां भावंडांना संध्याकाळी कंदिलाजवळ बसून वाचून दाखविले होते.

अण्णांची जेवणाची पद्धत विक्षिप्त होती. शास्त्रातले बत्तीस घास त्यांना ठाऊक होते, आणि इंग्लंडचे मुख्य प्रधान ग्लॅडस्टन प्रत्येक घास बत्तीस वेळा चावीत, ही आख्यायिकाही त्यांनी कोठेतरी वाचली होती. गणिताचे मास्तर. त्यांनी दोहोंचा गुणाकार केला. एक हजार चोवीस! आमची जेवणे आटोपून, भांडी घासून होत, तरी अण्णांची शाळूची भाकरी चालूच असे. मध्ये कोणी बोलले तर मोजणी चुके, आणि मग तो घास पहिल्यापासून.

आई गेल्यानंतर २०११ साली मी त्यांना इकडे हेब्बाळला आणले. येथे पहिल्या दिवशी भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे त्यांना 'अण्णा' म्हणू लागले, तेव्हा त्यांना फार नवल वाटले. "आपले घरचे नाव यांना कोणी सांगितले?" कन्नडमध्ये थोरल्या भावाला अण्णा म्हणतात हे मी सांगितले, पण ते त्यांना तितकेसे पटले नाही.

शेजारच्या अज्जींनी एकदा त्यांना रागीची मुद्दे आणि सोप्पिन सारु पाठविले आणि मागोमाग स्वतःही आल्या. अण्णांनी मुद्देचा घास तोंडात घातला आणि डोळे मिटून मोजू लागले. अज्जी पाहत राहिल्या. मग कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगियबारदु, नुंगबेकु!" चावू नये, गिळावे. रागीची मुद्दे सारात बुडवून सरळ गिळावयाची असते, हे आपणां सर्वांना इथे राहून ठाऊक झाले आहे. अण्णांना ते शास्त्र मान्य होईना. भाषा दोघांची वेगळी, पण वाद अर्धा तास चालला. शेवटी त्यांनी तोड काढली: रागीपुरता ग्लॅडस्टन माफ. त्यानंतर दर गुरुवारी मुद्दे येत असे आणि ते जेवण सात मिनिटांत उरके. माझी मुलगी घड्याळ लावी.

२०१४ साली अण्णांच्या रक्तात साखर निघाली. घरात वरिष्ठ अधिकारी मीच. मी तक्ता केला, तो स्वयंपाकघराच्या दारावर डकवला, आणि काय वर्ज्य ते लाल शाईने लिहिले. आंबा पहिल्या ओळीत. डॉक्टर एवढे म्हणाले नव्हते. "बेताने द्या" म्हणाले होते. बेताने हा शब्द तक्त्यात बसत नाही, म्हणून मी तो गाळला. पुढच्या मे महिन्यात बादामीची पेटी घरी आली. येथे ज्याला बादामी म्हणतात तो आपला हापूसच. पेटीचा वास साऱ्या घरात भरला. अण्णा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मलाच राहवेना. मी एक आंबा चिरला आणि ताटली त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी एक फोड उचलली, सावकाश खाल्ली, मोजली की नाही ते ठाऊक नाही, आणि ताटली परत सरकवून म्हणाले, "उत्तम आहे. बाकीचा मुलांना दे."

मला भरून आले. रानडेच समोर बसले आहेत असे वाटले. त्यानंतर त्या मोसमात, किंवा पुढच्या मोसमात, मी त्यांना पुन्हा आंबा विचारला नाही. त्यांनीही मागितला नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात ते गेले.

तेराव्याला नातेवाईक जमले होते. मी त्यांना ती फोडीची गोष्ट सांगितली. रमाबाई, रानडे, शेजारची बाई, सगळे सांगितले. पुष्कळांचे डोळे ओलावले. आमच्या सौ. मध्येच उठून आत गेल्या. मी समजलो, डोळे पुसावयास गेल्या असतील.

या भाषणाची तयारी करताना गेल्या महिन्यात मी त्यांना हा मजकूर वाचून दाखविला. फोडीपाशी आलो तेव्हा त्या म्हणाल्या, "आता सांगायला हरकत नाही. त्या दिवशी तुम्ही कचेरीत गेल्यावर मामंजी स्वयंपाकघराच्या दाराशी आले. तक्ता वाचला. मग म्हणाले, सूनबाई, यात कोय लिहिलेली नाही."

मी पुन्हा तक्ता आठवून पाहिला. खरेच, कोय लिहिलेली नव्हती.

"मग मी कोयीला जरा गर ठेवूनच आंबे चिरू लागले," सौ. म्हणाल्या. "मागच्या पायरीवर बसून चोखायचे. चावायचे नसल्यामुळे मोजायचा प्रश्न नव्हता. आणि म्हणायचे, साहेबांना सांगू नका."

"किती दिवस?" मी विचारले.

"दोन्ही वर्षे," त्या म्हणाल्या. "पेटी संपेपर्यंत."